अंबुजेचं तोललेलं ताट

अंबुजा जेवायला बसली की आधी ताट तोलायची. भात वेगळा, भाजी वेगळी, सार वाटीसकट, मग वाटीचं वजन वजा. सगळं वहीत लिहून झाल्यावर पहिला घास. तोवर भात निवलेला असे. मी म्हणायची, "तराजूचं पोट भरलं, आता तू जेव." ती म्हणायची, "अक्का, जे तोललं नाही ते खाल्लं नाही."

तंजावरात आमच्या शेजारी ती एकटी राहायची. आमच्यासारखीच मराठी, पण मी चौथी शिकलेली आणि ती कॉलेजात आहाराच्या कामावर. गल्लीत तेव्हा नुकत्याच केबलच्या तारा आल्या होत्या. लोक संध्याकाळी टीव्हीपुढे, ही लोकांच्या स्वयंपाकघरात. तिच्याजवळ एक जाड पुस्तक होतं. तांदूळ, तूरडाळ, शेवग्याचा पाला, कशात लोह किती, जस्त किती, तांबं किती, याचे तक्ते त्यात छापलेले. बायका दिवसभरात काय शिजवतात ते तोलायचं, त्या आकड्यांनी गुणायचं आणि बेरीज करायची. चिमटीतही न येणाऱ्या या धातूंवर ती तासभर बोले.

तिच्या घरभरणीला मी सार करायचा चंबू दिला. आमच्याकडे सार कथलाच्या चंबूतच होतं, त्याशिवाय चव येत नाही. रिकामा विस्तवावर ठेवला तर वितळतो, म्हणून आधी चिंचेचं पाणी ओतायचं, मग चूल पेटवायची. दुकानात दोन तऱ्हेचे होते. मी स्वस्तातला घेतला. तो जरा काळपट होता आणि हाताला जड लागला. जड म्हणजे चांगला, असं मला वाटलं.

दोनेक वर्षांनी तिच्या पोटात कळा येऊ लागल्या. तोंड पांढरं पडलं. वजनं उचलताना मनगट लुळं पडायचं. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे. ती चिडली. स्वतःच्या जेवणाचा हिशेब माझ्यापुढे धरला. "लोह पुरेसं. जस्त पुरेसं. तांबं पुरेसं. कागदावर मी ठणठणीत आहे, अक्का."

"मग कागदालाच कामावर पाठव."

पुढे ती अंथरुणाला खिळली. पोटाला हलकं म्हणून सार-भात, तो मीच तिच्या चुलीवर दोन्ही वेळा करून द्यायची. तोंडाला चव नाही म्हणायची, म्हणून चिंच जास्त घालायची. सकाळचं उरलेलं संध्याकाळपर्यंत चंबूतच ठेवायची.

वजा करता यावा म्हणून तो चंबू ती दर महिन्याला रिकामा तोलत आली होती. आता मला तोलायला लावायची. वजन थोडं कमी भरलं. पुढच्या महिन्यात आणखी कमी. तिनं तराजू दुरुस्तीला पाठवला. तराजूत खोट नाही असा निरोप आला, तेव्हा माझ्यावर घसरली, "तुम्ही राखेनं फार घासता."

तिच्या हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ दिसत होती. मला वाटलं, औषधाची.

एका सकाळी तिनं वही मागितली. चंबूची सगळी वजनं पहिल्यापासून बोट फिरवत वाचली. मग विचारलं, "हा शुद्ध कथलाचा आहे ना?"

"स्वस्त होता," मी म्हणाले.

तिनं पहिल्या आणि शेवटच्या वजनावर बोट ठेवलं. "शिसं असेल यात. चिंचेनं सुटतं. तक्त्यात अन्न आहे अक्का, भांडं नाही."

तिनं वहीत शेवग्याच्या पाल्याखाली 'चंबू' असं लिहिलं. पुढे आकड्याची जागा कोरी ठेवली. कॉलेजात तपासणी झाली, तिचंच खरं निघालं. तोवर उशीर झाला होता. महिनाभरात ती गेली. मी रडले नाही. चंबू मीच दिला होता, सारही मीच भरवलं होतं. रडून त्यात काही कमी होणार नव्हतं.

चंबू मोडीत दिला नाही. दुकानदार जुनं भांडं वितळवून नवं ओततात. तो माझ्याकडेच गोणपाटात बांधलेला आहे. पण मी घेतला त्या दिवशी तसे आणखी सात-आठ चंबू फळीवर ओळीनं मांडलेले होते. तिचे दिवस झाल्यावर मी दुकानात गेले, काय झालं ते सांगितलं आणि बाकीचे दाखव म्हणाले.

दुकानदारानं फळीकडे पाहिलंही नाही. "ते कधीच संपले, अम्मा," तो म्हणाला. "लग्नसराई होती."