वीस फूट आतडं आणि एकच प्रश्न

ऑपरेशन थिएटरमधला सगळा पसारा दिवसाच्या शेवटी कुठे ना कुठे जातो. कपडे धुलाईला, औजारं ऑटोक्लेव्हला, बोळे लाल पिशवीत, कागद फायलीत. किस्से तेवढे कुठल्याच पिशवीत जात नाहीत! ते आमच्या चेंजिंग रूमच्या बाकावर साचत राहतात. चहाचा कप हातात आला की एकजण म्हणतो, "तो अड्याळवाला आठवते का?" आणि पुढचा अर्धा तास कामाचा सत्यानाश.

भंडाऱ्यातल्या ह्या लहानशा सर्जिकल हॉस्पिटलात मला एकोणीस वर्षं झाली. मी थिएटर सिस्टर. सर्जन म्हणजे आमचे लांजेवार सर, आणि थिएटरचा अटेंडंट गोमाजी. हर्निया, मूतखडा, अपेंडिक्स सगळं येतं आमच्याकडे, पण चांगले किस्से म्हणाल तर लहान आतड्याचेच.

कारण त्याचा स्वभाव! वीस फूट लांब, पण भारी मानी. ऑपरेशनमध्ये नुसता हात लावला तरी रुसून झोपून जातं. दोन दिवस, तीन दिवस, त्याच्या मर्जीने. ते जागं होईपर्यंत पेशंटला चहाचा घोटही नाही. आणि जागं झालं हे कळणार कसं? गॅस सुटला की! नाहीच सुटला, तर पुन्हा कुठे पीळ पडला की काय म्हणून पोट परत उघडायची पाळी. म्हणून आमच्या वॉर्डात सकाळी "नमस्कार" नंतर म्हणतात, आधी विचारतात, "गॅस सुटला का?"

*

एकदा अड्याळकडचा एक शेतकरी बायकोला घेऊन आला. आतड्याचं ऑपरेशन सांगितलं होतं. सर पॅडच्या मागच्या कोऱ्या बाजूला चित्र काढून समजावत होते. गोल, गोल, आणखी गोल.

"किती लांब म्हनता?"

"वीस फूट."

"एवढ्याशा पोटात? आन् कायले?"

सर पुन्हा गोल काढायला लागले. त्याने सरळ त्यांच्या हातातला पेन घेतला आणि कागदावर बांधावर बांध आखत आपल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, काढल्या. "हे पाहा जी. पानी या बांधीतून त्या बांधीत, त्या बांधीतून खालच्या बांधीत, असं फिरवत नेलं त जमीन पेते. सरळ नालीनं सोडलं त सारं वाहून जाते. पोटाचं असंच असन ना?"

सर बघतच राहिले. म्हणाले, "अगदी असंच."

त्याने पेन परत दिला. "मंग तसं काढा ना साहेब! तुमचा नकाशा पाहून त पटवारीबी पळून जाईन!"

तेव्हापासून सर सगळ्यांना बांध्याच काढून दाखवतात.

*

गोमाजीची गोष्ट सांगितल्याशिवाय तो मला उद्या चहा देणार नाही.

रानडुकराने पोट फाडलेला पेशंट होता. अशा वेळी आतडं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताहाताने तपासत जावं लागतं, कुठे भोक राहून जाऊ नये म्हणून. सर अजून वाटेत होते, आणि नागपूरहून नवीन आलेले असिस्टंट डॉक्टर सुरुवात करून बसले. हाताला लागला तो वेढा धरला आणि निघाले. थोड्या वेळाने थांबले. मग उलटे निघाले. पुन्हा थांबले. सगळे वेढे दिसायला सारखेच, त्यामुळे कुठलं तपासलं आणि कुठलं नाही, काही कळेना. कपाळावर घाम!

गोमाजी दिव्याचं तोंड धरून उभा होता. हळूच म्हणाला, "जाळं मधातून नाई धरत, सर."

"काय?"

"फाटलं जाळं तपासाचं असलं त पहिले एका काठाले चिंधी बांधा लागते. मंग तिथून निंघाचं. मधातच धरलं त दिवसभर तेच भोक पाहून राहते मानूस."

असिस्टंट डॉक्टरांनी रागाने माझ्याकडे पाहिलं. मी चिमट्यांच्या ट्रेकडे पाहिलं. मग त्यांनी मुकाट्याने आतड्याचं वरचं टोक शोधलं, तिथे एक क्लॅम्प खुणेला लावला आणि नव्याने सुरुवात केली. दोन भोकं सापडली. दुसरं तर अगदी पाठीमागे लपलेलं होतं.

पोट शिवून झाल्यावर त्यांनी मास्क काढला. "गोमाजी, तुम्ही कोणत्या कॉलेजचे?"

"तलावाचा जी! आमी मासे धरनारे ढिवर."

*

सानगडीच्या शाळेत आरोग्य शिबिर होतं. मला म्हणाले, "सिस्टर, पचनसंस्थेवर बोला." मी वीस फुटांची नायलॉनची दोरी घेऊन गेले आणि आठ मुलींच्या हातात ती नागमोडी धरायला दिली. हे लहान आतडं! आतून टर्किश टॉवेलसारखं, म्हणून अन्न शोषून घेतं. मग पाच फुटांची जाड दोरी काढली. हे मोठं आतडं. याचं मुख्य काम उरलेलं पाणी ओढून घेणं.

पहिल्या रांगेतल्या मुलीने हात वर केला. "म्याडम, मंग वीस फुटाचं लहान काहून?"

मी रुंदीचं समजावायला लागले, तेवढ्यात तिच्या बाजूची उठली. "त्यात काय हाय वो! आमच्या घरी बी तसंच हाय. रांधनं, वाढनं, भांडे, सारं लहान काकू करते. मोठी काकू शेवटी येते आन् पानी पेते. पन नाव मोठ्या काकूचंच!"

मी एकोणीस वर्षांत एवढं सोपं करून कुणाला सांगितलं नव्हतं. शिक्षक हसले, मुली हसल्या, शिपाई हसला. हसले नाहीत ते फक्त हेडमास्तर. मुलगी त्यांच्याच घरची होती!

*

एक आजी होत्या. चहाबाज! सकाळी ऑपरेशन झालं, दुपारी गुंगी उतरली, आणि पहिलं वाक्य, "सुटला वो बाई. आन चहा."

"आजी, इतक्या लवकर नाही सुटत."

"सुटला म्हन्तो ना! खोटं बोलून राहिलो का मी?"

मी पोटावर स्टेथोस्कोप ठेवला. आत सामसूम. म्हटलं, "आजी, तुमचं आतडं तर झोपलंय."

आजींनी शांतपणे शेजारच्या खाटेकडे बोट दाखवलं. "याचा सुटला ना पन! आमी सारे ऐकलो. एका वार्डात ऱ्हातो, मंग चहा का एकट्यालेच?"

शेजारच्या खाटेवरच्या माणसाने चादर डोक्यावरून ओढून घेतली ती जेवणाच्या वेळेपर्यंत काढली नाही.

*

पवनीकडच्या एका माणसाचं चार दिवस आतडं जागं होईना. पंधरा नातेवाईक पायऱ्यांवर मुक्काम ठोकून! पाचव्या दिवशी सकाळी त्याचा भाऊ पेढ्यांचा डबा घेऊन थेट सरांच्या केबिनमध्ये. सरांना वाटलं, घरात मूल झालं असेल. पेढा तोंडात टाकून म्हणाले, "अभिनंदन! मुलगा की मुलगी?"

"नाई जी, भाऊचा गॅस!"

सरांना शुगर आहे. पण त्या दिवशी त्यांनी दुसराही पेढा खाल्ला.

*

आणि सरांवरच पाळी आली तेव्हा? त्यांच्याच हॉस्पिटलात, त्यांच्याच वॉर्डात, त्यांच्या मित्राने नागपूरहून येऊन ऑपरेशन केलं. दुसऱ्या दिवशी मी विचारलं. सर छताकडे बघत म्हणाले, "हो. सुटला."

"किती वाजता?"

"हे काय विचारणं झालं?"

"तुम्हीच शिकवलंय, सर. वेळ लिहायची."

मी बाहेर गेल्यावर त्यांनी गोमाजीला हळूच हाक मारली आणि अर्धा कप चहा आणायला सांगितलं. गोमाजी हलला नाही. भिंतीवर सरांच्याच सहीचा मोठा कागद चिकटवलेला होता, ‘गॅस सुटल्याची वेळ लिहिल्याशिवाय चहा नाही’; त्यावर बोट ठेवून म्हणाला, "वाचता येते ना साहेब? का चष्मा आनू?"

*

आता शेवटचा. हा मी फारसा सांगत नाही, कारण त्या चार दिवसांत मला हसायला अजिबात आलं नव्हतं.

माझं सासर कोंढ्याचं. घर जुन्या वळणाचं. हॉस्पिटलात मी नातेवाइकांच्या घोळक्यावर ओरडते, डॉक्टरांना टोकते, पण कोंढ्याला पोचले की डोक्यावर पदर. मामाजींसमोर, म्हणजे सासऱ्यांसमोर, मी कधी बसले नाही. थेट बोललेही नाही. जेवण वाढलं तर सासूबाईंना सांगायचं, "त्याइले म्हना, ताट केलं." ते पाटावर बसलेले, दोन हातांवर! आणि त्यांचं उत्तरही सासूबाईंनाच, "तिले म्हना, भाजी बरी झाली." इतक्या वर्षांत माझं कौतुक त्यांनी केलं ते असं, वळसा घालून.

त्या मामाजींना एका सकाळी माझे यजमान गाडीत घालून घेऊन आले. पोट फुगलेलं, हिरव्या उलट्या. जुन्या ऑपरेशनच्या जागी एक पट्टा तयार होऊन आतडं त्यात अडकलं होतं. सर म्हणाले, "सिस्टर, आज तुम्ही थिएटरमध्ये येऊ नका." मी म्हटलं, "येणार." दुसरी थिएटर सिस्टर होतीच कुठे?

पट्टा कापला. अडकलेला वेढा निळा-काळा पडला होता. सरांनी त्यावर कोमट सलाईनचे बोळे ठेवले आणि आम्ही थांबलो. ज्यांच्याकडे मान वर करून कधी पाहिलं नाही, त्यांचं आतडं माझ्या हातात होतं, आणि मी मनात म्हणत होते, गुलाबी हो रे बाबा, गुलाबी हो. दहा मिनिटांनी ते हळूहळू गुलाबी झालं. कापावं लागलं नाही. सरांनी फक्त मान हलवली. माझ्या चष्म्यावर वाफ धरली होती.

पण खरी परीक्षा पुढे. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. मी दर दोन तासांनी खाटेपाशी जायची. युनिफॉर्मला पदर नसतो, तरी माझा हात डोक्याकडे जायचा. विचारायला यजमानांना पुढे करायची.

"बाबा, गॅस सुटला का जी?"

मामाजी एकदा माझ्याकडे बघायचे, मग भिंतीकडे तोंड करायचे. "नाई."

चौथ्या दिवशी सर पोट तपासून बाहेर आले, ते कपाळाला आठ्या घालूनच. "मला समजत नाहीये. पोट मऊ आहे, आवाज येतोय, नाकातल्या नळीतून हिरवं येणंही थांबलंय. पण माणूस नाही म्हणतोय! या वयात मी धोका घेणार नाही. नागपूरला पाठवू. स्कॅन करतील. कदाचित परत उघडावं लागेल."

चौऱ्याहत्तर वर्षांचं शरीर. परत उघडणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. यजमान पायरीवर जाऊन बसले. सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या. दुपारी अँब्युलन्स दारात लागली, गोमाजी स्ट्रेचर घेऊन आला.

मी त्याला म्हटलं, "पाच मिनिटं थांब." खाटेभोवतीचा पडदा ओढला. आणि आयुष्यात पहिल्यांदा मामाजींसमोर स्टूल ओढून बसले.

"मामाजी, इथं मी सून नाही. इथं मी सिस्टर आहे. खरं सांगा. गॅस सुटला का?"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "सिस्टरले सांगतो ना मी. पन पहिले सुनेले भाईर पाठवा."

मी उठले. पडद्याबाहेर गेले. डोळे पुसले, नाक पुसलं, टोपी नीट केली. गोमाजी तोंड उघडं टाकून बघत होता. मग मी पडदा सारून पुन्हा आत गेले.

"बोला बाबा. गॅस सुटला का?"

"काल सकारपासून सुटून राहिला, सिस्टर."

मग त्यांनी पडद्याकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"पन हे आमच्या सुनेले नोका सांगू जी."