माझ्या अंगाला वास येत होता

नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या मानगुटीवर एक शंका बसली. मी जळगावच्या एका सरकारी कचेरीत नवीन लागले होते. सकाळी मी आत शिरले, की समोरच्या टेबलावरचे हेडक्लार्क उठायचे, खिडकीत अगरबत्ती लावायचे आणि पुन्हा फायलीत डोकं घालायचे. देवाच्या फोटोपुढची अगरबत्ती तर शिपाई आधीच लावून गेलेला असायचा. ही दुसरी, मी आल्यावरची.

पहिल्या आठवड्यात त्यांनी मला पूर्ण नाव विचारलं होतं. मग गाव. मग, गावात घर कोणत्या बाजूला? अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात बौद्धांची घरं कोणत्या बाजूला आहेत हे त्यांना ठाऊक असावं, कारण तिसऱ्या उत्तरानंतर त्यांनी काहीच विचारलं नाही.

तरीही खात्री होईना. अंगाला वास येतो हे मलाही जाणवत होतं. मेहरूण भागातल्या भाड्याच्या खोलीवर मी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा अंघोळ करायचे, साबण लावून काखा लाल होईपर्यंत घासायचे. कचेरीत पोचून तासभर झाला, की कुर्त्यातून आंबूस वास वर यायचा. मग मी हात अंगाला चिकटवून बसायचे. वरच्या रॅकवरची फाइल काढायची वेळ आली, की शिपायाला हाक मारायचे. कुणी टेबलाजवळ आलं, की श्वास रोखायचे, जणू मी श्वास थांबवला तर त्यांनाही वास येणार नाही.

वडिलांचा फोन आला, की ते आमच्या अहिराणीत विचारायचे, "बठ्ठं ठीक शे ना? तुले कोनी काही बोलनं का?"

"नही आबा, कोनीच नही," मी म्हणायचे. ते खरंच होतं. कुणीच काही बोलत नव्हतं.

एका सोमवारी ड्रॉवर उघडला, तर वर्तमानपत्रात गुंडाळलेली डिओडरंटची नवी बाटली. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. दुपारपर्यंत एक ओळ धड लिहिता आली नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले, तेव्हा मी ती बाटली मधोमध ठेवली.

"हे कुणी ठेवलं?"

कुणी घास उचलेना. हेडक्लार्क ताटलीतल्या लोणच्याकडे बघत राहिले. मग शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, "मी."

त्या पन्नाशीच्या, रोज मला स्वतःच्या डब्यातली भाजी वाढणाऱ्या. त्यांच्याकडून मला हे अपेक्षितच नव्हतं.

"का? माझी जात कळली म्हणून?"

मॅडमनी हात धुतले, माझं मनगट धरलं आणि मला रेकॉर्ड रूममध्ये नेलं. दार लोटून म्हणाल्या, "पोरी, वास येतो. खरंच येतो. मलाही पाळी जायच्या दिवसांत असाच घाम यायचा, आणि मला कुणी सांगितलं नाही. तोंडावर कसं सांगावं कळेना, म्हणून बाटली ठेवली. चुकलंच माझं."

"आणि अगरबत्ती?"

त्यांनी लोटलेल्या दाराकडे एकदा पाहिलं. "ती कशासाठी लागते, ते मला सांगता यायचं नाही. पण तू येण्याआधी इथं घामाचे वास कमी नव्हते, आणि कधी दुसरी अगरबत्ती लागली नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला एका त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. बाईंनी कपाळावर आठी न घालता विचारायला सुरुवात केली. कुर्ते कोणत्या कापडाचे? नोकरीसाठी नवे घेतलेले, सगळे पॉलिएस्टर. आतले कपडे कुठं वाळवता? मी खाली बघितलं. घरमालकांची ये-जा असते म्हणून बाथरूममध्ये, टॉवेलखाली झाकून. लसूण? रोज ठेचा. झोप? नाही. काळजी? मी ओढणी काखेशी ओढून घेतली.

"घामाला स्वतःचा वास नसतो," त्या म्हणाल्या. "कातडीवरचे जंतू त्यावर पोसतात, त्याचा वास येतो. दमट कपड्यात ते तसेच राहतात, पॉलिएस्टरमध्ये तर धुऊनही वास उरतो. आणि मन ताणाखाली असलं, की काखेतून जो घाम येतो, तो जास्त लवकर वास धरतो. तुम्ही जितकं घाबराल तितका वास येईल." साखर आणि थायरॉईडही तपासून घेतलं. दोन्ही ठीक निघालं.

मी सुती कुर्ते शिवून घेतले. आतले कपडे गच्चीवर, भर उन्हात, उघडे वाळत घातले. घरमालकीणबाई एकदा बघून गेल्या. ठेचा रविवारपुरता ठेवला. तीन आठवड्यांनी रेकॉर्ड रूममध्ये मॅडमच्या पुढ्यात उभी राहिले. "आता येतो का? खरं सांगा."

त्यांनी जवळ येऊन वास घेतला. "नाही. अजिबात नाही."

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत शिरले. हेडक्लार्क उठले, खिडकीकडे गेले आणि काडी ओढली.

मी त्यांच्या मागोमाग खिडकीशी गेले. "साहेब, आता कशाचा वास येतो तुम्हाला?"

"डास होतात," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

"सकाळी साडेदहाला?" हा आवाज माझा नव्हता, मॅडमचा होता. त्या जागेवरून उठल्या होत्या. "महिनाभर मी बघतेय. तिच्या येण्याआधी डास नव्हते का?"

पलीकडच्या टेबलांवरची कुजबूज थांबली. हेडक्लार्कनी काडी विझवली आणि चहाला जातो म्हणून बाहेर पडले. त्या दिवसापासून ती अगरबत्ती बंद झाली. माझ्याशी बोलणंही बंद झालं. फायली ते शिपायाच्या हाती पाठवू लागले, आणि पुढच्या वर्षी बदली होऊन धुळ्याला गेले.

काडी विझली त्या संध्याकाळी मी आबांना पहिल्यांदा सगळं सांगितलं, घामापासून काडीपर्यंत. ते ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "तू इचारं, ते बरं करं."

आता नोकरीला काही वर्षं झाली. तरी एखाद्या बैठकीत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली, की मी मान वळवून आधी स्वतःच्या खांद्याचा वास घेते. तो नसतो. मग बैठक संपेपर्यंत मी त्या खुर्चीचाच विचार करत बसते.