हरकतरावांची नवी नोकरी

हरकतरावांचं खरं नाव त्यांच्या बायकोला आणि पगारपत्रकाला ठाऊक होतं. बाकी सगळे त्यांना हरकतरावच म्हणत. देशाच्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्या सरकारी खात्यात ते कायदा सल्लागार होते. कुणाचा फोन ऐकायचा, कुणावर पाळत ठेवायची, अशी मागणी आली की ती आधी त्यांच्या टेबलावर यायची. ती कायद्यात बसते की नाही हे त्यांनी लिहून द्यायचं. शेरे दोनच, 'हरकत नाही' किंवा 'हरकत आहे'. दुसरा शेरा ते इतरांपेक्षा जरा सढळ हाताने लिहीत, म्हणून हे नाव पडलं.

सव्वीस वर्षं हे चाललं. खोलीला खिडकी होती, पण काचेला रंग फासलेला. आत जाताना फोन बाहेरच्या खणात ठेवायचा, प्रत्येक कागद सही करून घ्यायचा आणि संध्याकाळी सही करून परत द्यायचा. घरी न्यायला उरायची ती फक्त पाठदुखी. त्यांनी 'हरकत आहे' लिहिलेल्या फायली वरून 'फेरविचार व्हावा' असं लिहून परत यायच्या, मग हे तेच कारण पुन्हा नव्याने लिहायचे. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटच्या वर्षी एक फाइल चौथ्यांदा परत आली, तेव्हा त्यांनी ती वाचलीच नाही. 'हरकत नाही' लिहिलं, सही ठोकली आणि चहाला गेले. चहा अर्धा झाल्यावर आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं. धावत जाऊन त्यांनी फाइल परत मागवली, पण ती वर गेली होती. माणूस दमतो, त्यात काही नवल नाही. पण आपण दमलो म्हणून कुणाचा तरी फोन ऐकला जावा, हे त्यांना सोसेना. महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला.

तिथून सुटणंही सोपं नव्हतं. जन्मभर तोंड उघडणार नाही असं लिहून द्यावं लागलं. नव्या नोकरीसाठी स्वतःची माहिती तीन पानांत लिहिली होती, ती खात्याने तपासायला घेतली. परत आली तेव्हा नाव, शिक्षण आणि 'सरकारी सेवा' एवढंच वाचता येत होतं, बाकी सगळ्यावर काळी शाई. मेहुणा पानं उलटून पाहत म्हणाला की दाजी, यावर तुम्हाला कुणी वॉचमनसुद्धा ठेवणार नाही.

पण ठेवलं. बड्या कंपन्यांना सल्ला देणारी एक खाजगी फर्म होती. तिथल्या प्रमुख बाई त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. काळी पानं पाहून त्या उलट खूश झाल्या. हरकतरावांनी आधीच स्पष्ट सांगितलं की कायदा विचारा, जुन्या फायली विचारू नका. बाई म्हणाल्या की आमची गिऱ्हाइकं कायदाच विचारतात. याच बोलीवर ते तिथे लागले.

नव्या कचेरीत भिंती काचेच्या होत्या आणि खिडक्या चक्क उघडायच्या. पहिल्या दिवशी हरकतराव दाराशी फोन ठेवायचा खण शोधत उभे राहिले. संध्याकाळी टेबलावरची टाचणीसुद्धा ते खणात टाकायचे. शेजारच्या टेबलावरची मुलगी विचारायची, काका, रोजच नोकरी सोडून जाता का? सगळे हसायचे. दोन महिन्यांनी तेही हसायला लागले. कुणी विचारलं तर सरळ उत्तर द्यायचं, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं, ही चैन त्यांना पन्नाशीनंतर प्रथमच मिळत होती. ती अंगवळणी पडायला फार दिवस लागले नाहीत, आणि तिथेच त्यांचा घात झाला.

जुन्या खात्यात नव्या माणसाकडून पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट घोटून घ्यायचे. बाहेरच्या कुणी तुमच्यासमोर नावं घेतली, तर प्रत्येक नावाला उत्तर एकच, 'याबद्दल बोलता येणार नाही.' माहीत असो वा नसो. आवाज तोच, वेळही तेवढाच. आज एकाला 'माहीत नाही' म्हणालात, तर उद्या दुसऱ्याला काय म्हणाल? हरकतरावांनी स्वतः कित्येकांना हे शिकवलं होतं.

त्या दिवशी टेलिफोनचे मनोरे उभारणाऱ्या एका कंपनीचा खरेदी अधिकारी आला होता. कायद्याचं बोलणं संपलं, कॉफी आली. त्याने यंत्रं विकणाऱ्या चार कंपन्यांची यादी काढली आणि जाता जाता विचारावं तसं पहिलं नाव वाचलं. यांच्याबद्दल काही ऐकलंय का? हरकतरावांनी खरोखरच काही ऐकलं नव्हतं. मोकळेपणाने म्हणाले, माहीत नाही बुवा. दुसरं नाव आलं. तेही माहीत नव्हतं, तसं त्यांनी सांगितलं.

मग त्याने तिसरं नाव वाचलं. त्या नावाची फाइल हरकतरावांच्या टेबलावरून गेली होती.

"याबद्दल बोलता येणार नाही," ते म्हणाले.

शब्द तोंडातून गेले आणि आपण काय करून बसलो ते त्यांना कळलं. चौथ्या नावालाही त्यांनी घाईघाईने तेच उत्तर दिलं, पण अधिकारी ऐकत नव्हता. त्याने पेन्सिलीने तिसऱ्या नावावर रेघ मारली होती. तो गेल्यावर प्रमुख बाई येऊन म्हणाल्या की काम झक्क झालं. मी काहीच सांगितलं नाही, हरकतराव म्हणाले. बाईंनी मान डोलावली.

"कुठे सांगितलंत? कागदावर कुणी बोट ठेवू शकणार नाही. म्हणून तर तुम्हाला घेतलं."

त्या तिसऱ्या कंपनीत एक माणूस होता. तो आतली माहिती गुपचूप खात्याला देत होता. हरकतरावांना त्याचं नाव कधी कळलं नव्हतं, पण तो आहे एवढं माहीत होतं. ठरत आलेला सौदा असा अचानक फिसकटला, तर कंपनी विचारणारच की आपल्याबद्दल बाहेर कोण बोललं. मग ती शोधणार, आणि तो सापडणार.

ते भर दुपारी चालत घरी आले. बायको शाळेत गणित शिकवायची, टेबलावर उत्तरपत्रिका तपासत बसली होती. नाव-गाव न घेता जेवढं सांगता येईल तेवढं त्यांनी तिला सांगितलं. उद्या जुन्या खात्यात जाऊन चूक कबूल करतो, म्हणाले, म्हणजे त्या माणसाला वेळेवर बाहेर काढता येईल. ही नोकरी जाईल, कदाचित खटलाही होईल.

"पण खरं सांगतो, मी काही बोललो नाही गं."

"तुम्ही बोलायला कशाला लागतं?" लाल पेन न थांबवता ती म्हणाली. "वरच्या मजल्यावरच्यांचं नाही का मला कळलं? त्यांचं नाव निघालं की तुम्ही पाणी प्यायला उठायचात. मी काय ते समजले. पोरीचं त्यांच्याकडे जाणं बंद केलं, मीही पाऊल टाकलं नाही. त्यांची बायको बिचारी दोनदा दारात येऊन गेली, माझं काय चुकलं विचारत. माझी एवढी जिवाची मैत्रीण, पण काय करणार? मग जिन्यातल्या सगळ्यांनीच बोलणं टाकलं. वर्षभरात घर विकून गेले."

हरकतराव खुर्चीत बसले. वरच्या मजल्यावरच्या त्या शेजाऱ्याची फाइल अकरा वर्षांपूर्वीची. परदेशातल्या भावाची चार पत्रं, बाकी काही नाही. त्यांनी दोन पानं भरून 'हरकत आहे' लिहिलं होतं आणि नशिबाने तेव्हा खात्यातल्या वरिष्ठांनी ऐकलंही होतं. आठ दिवसांत फाइल बंद झाली. आपण एका भल्या माणसाला वाचवलं, याचं समाधान त्यांनी इतकी वर्षं कुणालाही न सांगता जपलं होतं.

ते गप्प बसलेले पाहून बायकोने समजल्यासारखी मान हलवली आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली.

"काही नव्हतं," हरकतराव म्हणाले.

"काय?"

"त्याच्या फायलीत. काही नव्हतं. मीच बंद करवली ती."

तिने पेनाला टोपण लावलं. ते कुठे राहायला गेले, काही पत्ता आहे का, असं तिने विचारलं. हरकतरावांना तो खरोखरच माहीत नव्हता. माहीत नाही, असं ते तीनदा म्हणाले. तिचा विश्वास बसला नाही.