सोजराबाईंच्या बाजूचं माणूस

मलकापूरच्या दवाखान्यात तीस वर्षं आया म्हणून राबलेल्या सोजराबाईंचा हात कधी कापला नाही. काय काय पाहिलं त्या बाईनं! पण निवृत्तीनंतर घर घ्यायचं ठरलं, आणि सहीसाठी पेन धरायच्या विचारानंच बोटं थरथरू लागली. सगळी पुंजी एका घरात जाणार होती. ते बुडालं, तर मरेपर्यंत भाड्याची खोली.

घर शोधलं होतं गोकुळनं, सख्ख्या नणंदेच्या मुलानं. तो दलालीच करायचा. शहराला लागून असलेल्या एका वस्तीत दोन खोल्या आणि मोठं अंगण.

"मामी, उद्याच इसार देऊन टाक. दुसरं गिऱ्हाईक टपून बसलं हाये."

बाईंना आधी घराचे कागद बघायचे होते. पण भाच्याकडं कागद मागायचे कोणत्या तोंडानं?

दवाखान्यातल्या एका नर्सनं छायाचं नाव सांगितलं. रीतसर परीक्षा देऊन घर-जागेच्या एजंटचं प्रमाणपत्र घेतलेली पोरगी. बाई तिच्याकडं गेल्या त्या पदर मुठीत आवळूनच.

"तुले पैसे कोण देईन, पोरी?"

"तुम्हीच, मावशी. विकणाऱ्याकडून काही घेत नाही मी. लिहून देते."

आणि तिनं खरंच लिहून दिलं. गोकुळ मात्र दोन्हीकडून घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी तिघं त्या अंगणात उभी राहिली. छायानं कागद मागितले. गोकुळनं ऐटीत घराच्या नोंदीचा नमुना आठचा उतारा काढला.

"हे पाय, वीस वर्षांची घरपट्टी. ग्रामपंचायत काय खोटी हाये?"

"घरपट्टी अतिक्रमणावरही लागते, दादा. जागा कोनाची हाये?"

"सारी वस्ती अशीच हाये ना!"

"म्हनूनच इचारून राह्यले."

तिनं मोबाइलवर सात-बारा उघडून बाईंसमोर धरला. ई-क्लास. म्हणजे सरकारी गायरान. नोटीस आली की भिंतींसकट सगळं जाणार.

बाईंनी छायाकडं बघितलं. छाया कानाशी म्हणाली, "'नाही' तुम्हालेच म्हनावं लागंन, मावशी. मी इथंच हाये."

"गोकुळ, मले हे घर नाही घ्यायचं."

"मामी! मी तुले फसवून राह्यलो काय? परक्या पोरीवर इश्वास, अन् माह्यावर नाही?"

बाई म्हणाल्या, "तुले माहीत नसंन, तरी भेव वाटते रे. माहीत असंन, तर जास्तच वाटते."

गोकुळनं फटफटीला जोरात लाथ मारली आणि तो धुरळा उडवत निघून गेला. सोजराबाई छायाकडं वळल्या.

"आता लग्नाकार्यात नणंद बोलंन काय वं माह्याशी?"

 छायानं स्कूटी सुरू केली आणि मागं बसायला बाईंना हात दिला. आता दुसरं घर शोधायचं होतं, पण त्याचा सात-बारा आधी बघायचा होता.