साडेनऊची शांती

आमच्या कंपनीत किस्से कोणी लिहून ठेवत नाही. गरजच पडत नाही. एक जुना होईपर्यंत साहेब दुसरा घडवून आणतात. अंधेरीला एमआयडीसीत आमची स्विचबोर्डची कंपनी, माणसं साठ-पासष्ट, मी डिस्पॅचला. परवा जेवणाच्या सुट्टीत ध्यानाचा विषय निघाला आणि सगळ्यांचे डबे धुवायचे राहिले. त्यातले थोडे सांगते.

*

सुरुवात साहेबांच्या शिबिरापासून. साहेब दहा दिवस कुठल्याशा डोंगरात मौन पाळून आले. दहा दिवसांचं साठलेलं बोलणं त्यांनी सोमवारी आमच्यावर एकदम काढलं.

"बोनस, इन्सेंटिव्ह, बक्षिसं, हे सगळं बाहेरचं. खरी प्रेरणा आतून येते. अध्यात्म म्हणजे दुसरं काय?"

आम्हाला पटलं. माना हलवल्या. मग साहेब म्हणाले, उद्यापासून रोज साडेनऊ ते पावणेदहा सगळ्यांनी हॉलमध्ये ध्यानाला बसायचं. उशीर झाला तर हाफ डे.

झालं. जी प्रेरणा आतून यायची होती, ती गेटवर पंचिंग करून यायला लागली.

*

महिन्याभरात हाताला बांधायचे पट्टे आले. प्रत्येकावर ज्याचं त्याचं नाव. नाडी बघून तुम्ही किती शांत आहात ते तो पट्टा शंभरपैकी सांगायचा. एचआरची रिया रोज ती लिस्ट नोटीस बोर्डावर लावायची, आणि महिन्याच्या सगळ्यात शांत माणसाला ट्रॉफी.

मी विचारलं, "रिया, ट्रॉफी बाहेरची ना गं?"

"नाही ताई, ही आतल्या शांतीची ट्रॉफी आहे."

पहिल्याच महिन्यात असेंब्लीचे दोघे पंच्याऐंशीवर बरोबरीत आले. ट्रॉफी एकच. जिन्यात कॉलर धरण्यापर्यंत गेलं. "तू माझ्यापेक्षा शांत? थोबाड फोडीन." वॉचमनने सोडवलं. पट्टे हातातच होते, त्यामुळे दोघांचे आकडे तिथल्या तिथे घसरले आणि ट्रॉफी तिसऱ्याला गेली.

*

तिसरे म्हणजे आमचे टेम्पोवाले पेडणेकर. हे ध्यानाला बसले की दुसऱ्या मिनिटाला झोपायचे. चौऱ्याऐंशीच्या खाली कधी आले नाहीत. सगळ्यांना माहीत होतं, साहेब सोडून.

एकदा घोरले. असे घोरले की एसीचा आवाज बंद पडल्यासारखा वाटला. साहेबांनी डोळे उघडले. रियाने दुसऱ्या दिवशी नियम काढला, घोरल्यास दहा मार्क कमी.

पेडणेकर माझ्याकडे आले. "सावंतबाय, माझ्या बाजूक बस. घोरलंय तर चिमटो काढ."

मी काढला. पेडणेकर दचकून उठले आणि तोंडातून असा शब्द बाहेर पडला की तो इथे लिहिता येत नाही. त्याचे किती मार्क कमी करायचे ते नियमात नव्हतं.

*

माझं म्हणाल तर मी साठ मार्कांच्या आसपास रखडायची. श्वासाकडे बघा म्हणतात, पण मला श्वास दिसेचना, कामं दिसायची. मग एक दिवस सहज बांगड्याचं तिखलं आठवलं. आईच्या हातचं, त्रिफळं घातलेलं झणझणीत माशाचं कालवण. स्कोअर अठ्ठ्याहत्तर.

साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सावंत मॅडम, आत काय दिसलं?"

मी म्हटलं, "प्रकाश."

संकष्टीला तेच करायला गेले. उपासाला मासे आठवले म्हणून मन खाऊ लागलं. त्रेचाळीस.

*

साहेबांचा स्वतःचा आकडा कधी पस्तीसच्या वर गेला नाही. जाणार कसा? एक डोळा मिटून दुसऱ्याने ते आमचे आकडे टॅबवर बघत बसायचे. पट्टा खराब आहे म्हणून तीनदा बदलला.

शेवटी रियानेच सांभाळून घेतलं. म्हणाली, "सर, तुमची शांती जरा ॲडव्हान्स लेव्हलची आहे. सेन्सरला झेपत नाही." पोरगी पुढे जाणार, लिहून घ्या.

*

इथपर्यंत मजा होती. मग नोटीस आली. वापीला नवीन युनिट निघणार, पॅकिंगमधून दोघांना तिकडे पाठवायचं. कोणाला? महिनाअखेरीला ज्यांचा स्कोअर सगळ्यात कमी, त्यांना. खाली साहेबांनी स्वतः लिहिलं होतं, अशांत मनाला हवापालट चांगला.

पॅकिंगच्या सातमची वाट लागली. सातम कांदिवलीला राहतो. आईला अर्धांगवायू झालाय. बायको गेल्यापासून घरात दोघंच. सकाळी आईचं सगळं करून, तिला भरवून, शेजारणीला किल्ली देऊन हा कामावर येतो. आई दुसऱ्या कोणाच्या हातचं खातच नाही. वापीला गेला तर त्या म्हातारीचं काय होणार?

त्या काळजीने त्याचा स्कोअर बावीस. बावीस बघून आणखी काळजी, म्हणून एकोणीस. मी त्याला तिखल्याची युक्ती सांगितली. म्हणाला, "ताई, मला डोळे मिटले की आईचं ताट दिसतं."

*

आता कांबळेताईंचं सांगायला हवं. ताई स्टोअर्सला, माझ्या शेजारच्या टेबलावर. घाटकोपरला राहतात. रोज पहाटे पाचला उठून तासभर ध्यानाला बसतात, बावीस वर्षं. मला हे कळायला दहा वर्षं लागली. त्यांच्या लेकीच्या लग्नात मुक्कामाला होते, तेव्हा पाहिलं. घरभर पाहुणे, हळदीची पातेली आणि या कोपऱ्यात स्वस्थ बसलेल्या. कंपनीत एका शब्दाने कधी बोलल्या नाहीत.

पट्टे वाटले तेव्हा ताईंनी घेतला नाही. हॉलमध्ये मागे येऊन बसायच्या, पण बिनपट्ट्याच्या. लिस्टमध्ये त्यांच्या नावापुढे रोज शून्य.

रिया समजवायला आली. ताई म्हणाल्या, "अगं, मी घरी बसून येते."

"पण मॅडम, ते रेकॉर्ड होत नाही ना."

"म्हणून तर बसता येतं."

*

आणि एका सकाळी बोर्डावर सातम, शहाण्णव.

मला वाटलं, छपाईची चूक असेल. दुसऱ्या दिवशी सत्त्याण्णव. तिसऱ्या दिवशी मी डोळे मिटायच्या ऐवजी सातमकडे बघत बसले. शर्टाची बाही वर गेलेली, मनगट मोकळं. मग मागे वळून बघितलं. कांबळेताई मांडी घालून बसलेल्या, पदर हातावर ओढलेला, आणि पदराखालून हिरवा दिवा लुकलुकतोय.

जेवणाच्या सुट्टीत मी दोघांना रॅकमागे गाठलं. सातम रडायलाच लागला. "ताईंनीच मागून घेतला हो."

मी ताईंना म्हटलं, "स्वतःचा नको म्हणालात, आणि हा चालतो?"

"माझा असता तर माझं लक्ष आकड्याकडे गेलं असतं," ताई म्हणाल्या. "हा त्याचा आहे. मला काय त्याचं?" आणि मला भाकरीचा तुकडा दिला. मी घरी जाऊन यावर खूप विचार केला. नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला जेवायला वाढ.

*

महिनाअखेर आली. सगळे हॉलमध्ये. आधी ट्रॉफी, मग वापीची यादी. साहेबांनी नाव पुकारलं, सातम.

सातम स्टेजवर गेला. साहेबांनी माईक हातात दिला. "सांगा सगळ्यांना, एकोणीसवरून सत्त्याण्णव! कसं केलंत?"

सातमने ट्रॉफीकडे बघितलं, मग मागे ताईंकडे. यादी साहेबांच्या खिशात होती. हा माणूस काय करणार ते मला त्याच्या तोंडावर दिसलं. गप्प बस रे बाबा, मी मनात म्हणत होते.

"साहेब," तो म्हणाला, "मी काहीच केलेलं नाही."

साहेबांनी डोळे मिटले. "ऐकलंत? कर्तेपणा गेला."

"नाही साहेब, खरंच. यात माझं काही नाही."

"मीपणा पण गेला."

"अहो साहेब, हे सगळं त्या कांबळेताईंचं आहे."

"आणि श्रेयही दुसऱ्याला देऊन टाकलं." साहेब म्हणाले. त्यांनी खिशातून यादी काढली, बघितलीसुद्धा नाही, परत ठेवली. "असा माणूस मी वापीला पाठवीन? याला बघून मला कळलं, आतून म्हणजे काय ते. सातम, तुम्ही कुठेही जायचं नाही."

सातम तिथेच स्टेजवर मटकन खाली बसला. लोकांना वाटलं ध्यान लागलं, म्हणून सगळे टाळ्या वाजवायचे थांबले.

त्या शांततेत साहेबांची नजर मागे गेली. "कांबळेताई, हा माणूस तुमचं नाव घेतोय, आणि तुमच्यापुढे पूर्ण महिना शून्य. बरं वाटतं का हे? शिका जरा त्याच्याकडून."

कांबळेताई उभ्या राहिल्या. पदर नीट केला.

"हो साहेब," म्हणाल्या, "उद्यापासून त्याच्या शेजारीच बसते."