आण्णांची राजीखुशी

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथं लिहिते.

माझे वडील, आण्णा, हल्ली सगळंच विसरतात. लोणीला दादा त्यांना सांभाळतो. आंघोळ, औषधं, सगळं तोच बघतो. आज आण्णांचं शेत बक्षीसपत्रानं स्वतःच्या नावावर करून घ्यायला त्यानं त्यांना रजिस्टर ऑफिसात नेलं. मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं.

गाडीत दादा त्यांच्याकडून घोकून घेत होता. "आण्णा, सायबानं काय बी इचारलं तरी म्हणायचं, माझी राजीखुशी हाय."

आत साहेबांनी विचारलं, "बाबा, जमीन मुलाला देताय. कुणाची जबरदस्ती नाही ना?"

"माझी राजीखुशी हाय," आण्णा ठणठणीत आवाजात म्हणाले.

साहेबांनी अंगठ्याचं मशीन पुढं सरकवलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, मी कोण ते विचारा त्यांना."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. हात जोडले. "या पावणं, बसा."

साहेबांनी मशीन मागं ओढलं. "आधी कोर्टाकडून पालक नेमून आणा."

बाहेर दादा पेटलाच. "हागणं-मुतणं मी काढायचं, आन कोर्टाच्या चकरा बी मीच मारायच्या? हिस्सा पायजे तर तसं सांग ना!"

मला हिस्सा नको होता. पण त्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडं आहे का?

आण्णांना गाडीत बसवताना मी हळूच विचारलं, "आण्णा, माझं चुकलं का?"

ते गोड हसले. "माझी राजीखुशी हाय."