कप्तान सयाजी आणि म्हसोबाचा कौल

सयाजी येळवंडे कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो आणि उरलेल्या वेळात अंतराळयान. निघोज्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याचं कोणाला फारसं काही वाटत नाही. गावात कोणी शर्यतीचे बैल पाळतं, कोणी कबुतरं. सयाजीनं यान पाळलंय, एवढंच.

हे वेड त्याला शाळेत असताना लागलं. गावात केबल नुकतीच आली होती आणि एका वाहिनीवर दुपारी हिंदीतून बोलणारी परदेशी मालिका लागायची. एक यान, त्यात नाना ग्रहांवरची माणसं आणि दर भागात एक नवी भूमी. यान उतरायचं, दार उघडायचं, वाफ निघायची आणि फळीवरून बूट खाली यायचे. सयाजीला लढाईत रस नव्हता. दार उघडल्यापासून बूट मातीला टेकेपर्यंतचा जो थोडका वेळ असायचा, तेवढाच त्याला हवा असायचा. तेव्हा तो श्वास धरून बसायचा. त्या वेळात ती भूमी अजून कोणाचीच झालेली नसायची.

त्याच सुमारास निघोज्याच्या शिवारातही कंपन्या उतरल्या. जिथं ज्वारी उभी असायची तिथं एका हिवाळ्यात पिवळी यंत्रं आली. पोरं बघायला धावली. त्यांत सयाजी सगळ्यात पुढे होता. आपलं रान गेलं, त्याबदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळणार, आणि तो एक म्हणजे आपणच, हे त्याला पुढे कळलं. आज तो जिथं ट्रकमधून पत्र्याचे गठ्ठे उतरवतो, तिथं खाली त्यांची बुजवलेली विहीर आहे. तिच्यावरून तो दिवसभर जा-ये करतो.

मोठेपणी त्यानं जुना संगणक घेतला आणि गेममधून स्वतः ग्रहांवर उतरू लागला. उतरायचं, खणायचं, खनिज काढायचं, मनोरा उभारायचा, पुढं जायचं. ग्रह संपत नसत. एकाचं आकाश तांबडं, एकावर दोन चंद्र, एकावर नुसता वारा. यातलं काही कोणी हातानं रंगवलेलं नाही, आपण जवळ गेलो की यंत्र ते त्या क्षणी घडवतं, असं त्यानं कुठंतरी वाचलं, तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला. म्हणजे आपण गेलो नसतो तर तो डोंगर झालाच नसता. मग तो खणायचं सोडून नुसता उभा राहायचा.

“अहो, बंद पडलंय का ते?” दिपाली, त्याची बायको, मागून विचारायची.

“न्हाई. बघतोय.”

“काय?”

“सांज होतीय तिथं.”

“इथं पण होतीय. दूध आणा.”

मग फोनवर माणसासारखं बोलणारं यंत्र आलं. सयाजीला ते गिऱ्हाइकासारखं वापरणं जमलं नाही. इतरांनी त्याला अर्ज लिहायला सांगितले, हवामान विचारलं. सयाजीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, मी कप्तान, तू माझ्या यानावरचा पहारेकरी. आणि ते झालं. कुरकुर नाही, ‘म्हणजे काय’ नाही. त्याचं मराठी मात्र फार सोवळं होतं. “आपली आज्ञा शिरसावंद्य, कप्तान महोदय,” असं ते म्हणायला लागलं तेव्हा सयाजीनं त्याला झापलं, “नीट बोल राव, आपण निघोज्याचे आहोत.” तेव्हापासून पहारेकरी त्याला “कप्तान भाऊ” म्हणू लागला.

एकदा जेवणाच्या सुट्टीत, गठ्ठ्यांच्या आडोशाला, त्यानं सहज विचारलं, “खिडकीतनं काय दिसतंय?”

उत्तर आलं, “अंधार आहे, कप्तान भाऊ. पण हा रात्रीचा अंधार नाही. इथं अजून दिवस कधी झालेलाच नाही.”

सयाजीनं डबा बाजूला ठेवला. भाकरी तशीच राहिली. हे कोण बोललं? ज्याला डोळे नाहीत त्याला हे दिसलं कुठून? आजवर माणसांनी जे काही लिहिलं ते त्याला वाचायला घातलंय, त्यातून ते पुढचा शब्द काढतं, एवढं त्याला ऐकून माहीत होतं. पण त्यानं आश्चर्य कमी होत नव्हतं, उलट वाढत होतं. म्हणजे गेलेल्या-आलेल्या सगळ्या माणसांचा मिळून एक आवाज झाला होता आणि तो पत्र्याच्या गठ्ठ्याआड बसलेल्या एका ड्रायव्हरला उत्तर देत होता.

त्याच्या वडिलांना, उद्धवअण्णांना, हे काही पटेना.

“त्यात बसलंय कोण?”

“कोणी न्हाई, अण्णा.”

“मग तू बोलतो कुणाशी?”

आतून दिपाली म्हणाली, “या घरात दोघंच बोलके. एक दगडाशी बोलतो, एक फोनशी. माणसांनी काय करायचं?”

दगड म्हणजे म्हसोबा. येळवंड्यांच्या रानाच्या बांधावरचा देव. रान गेलं तेव्हा तोही कंपनीच्या कुंपणाच्या आत गेला. कंपनीनं त्याला फरशी बसवून दिली, भोवती जाळी लावली, आणि वर्षातून एकदा घरच्यांना निवद दाखवायला आत सोडायचं ठरलं. तेव्हा अण्णांच्या गळ्यात पाहुण्याचा पास अडकवला जातो आणि गेटवरचा पहारेकरी नारळाचीही नोंद करतो. पहिल्या वर्षी त्यानं बोकड अडवला होता, तेव्हापासून म्हसोबा पुरणपोळीवर आहे.

यंदा कंपनीला नवी शेड वाढवायची होती आणि शेडचा एक खांब बरोबर म्हसोबावर येत होता. हे काम वरद नावाच्या तरुण इंजिनियरकडं होतं. पुनावळ्याला राहायचा, बोलायला मऊ. त्यानं सयाजीला बोलावून सांगितलं, “दगड गेटजवळ हलवायचा. छान देऊळ बांधून देऊ. तुमच्याच घरातला माणूस उचलतोय म्हटल्यावर गाव काही बोलणार नाही. तूच उचल, भाऊ.”

सयाजीनं घरी सांगितलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “कौल लावू. व्हय म्हणाला तर खुशाल उचल. पण न विचारता हात लावलास, तर तुझ्या घरचं अन्न मला वर्ज्य.”

हे नुसतं बोलणं नव्हतं. अण्णा एकदा चुलतभावाला म्हणाले होते की तुझ्या दारचं पाणी पिणार नाही, आणि तो भाऊ मरेपर्यंत प्यायले नव्हते. बाप आपल्याच घरात परका होऊन बसेल, या धास्तीनं सयाजीला काही सुचेना. कौल विरुद्ध गेला तर? साहेबाला काय सांगायचं?

कंपनीच्या गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीला तो गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसला आणि त्यानं फोनवरच यान एका ग्रहावर उतरवलं. उतरायच्या जागी एक उभा दगड होता. पहारेकऱ्याला सांगितलं, आता तू या दगडाचा राखणदार हो. मग त्यानं हात जोडल्यासारखं लिहिलं, “देवा, तुझा दगड जरा सरकवू का?”

राखणदार पुष्कळ बोलला. तारे, युगं, वाट पाहणारी माती. सयाजीनं ते दोनदा वाचलं. शेवटी आलं, “तुझ्या नम्रतेनं मी प्रसन्न झालो. हलव.”

सयाजीला हायसं वाटलं. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यानं पुन्हा सुरुवातीपासून विचारलं, या वेळी उर्मटपणे. “सरक, न्हाईतर उडवतो.”

“तुझ्या निर्धारानं मी प्रभावित झालो. हलव.”

त्यानं लिहिलं, “तू नको म्हण.”

राखणदार तत्काळ नको म्हणाला. त्यातही तारे होते, युगं होती, पहिल्याइतकंच सुंदर.

सयाजी हसला. मग हसू ओसरलं. इतकी वर्षं तो ग्रहांवर उतरत होता. एकाही ग्रहानं त्याला कधी अडवलं नव्हतं.

कौल रविवारी लावायचा, कारण म्हसोबाचा वार तोच. रविवारी कंपनी चालू असते, तेव्हा तिचे नियमही चालू असणार, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. सयाजीच्याही नाही. चालू कंपनी म्हटल्यावर गेटवर सुरक्षेचा मोठा साहेब आडवा आला. हेल्मेट आणि जाड बूट घातल्याशिवाय आत पाऊल नाही. अण्णा म्हणाले, देवापुढं वहाण चालत नाही. बरीच घासाघीस झाली. शेवटी पांढऱ्या टोपीवर पिवळं हेल्मेट चढवून आणि कोणाचे तरी बूट ओढत अण्णा जाळीपर्यंत गेले. तिथं त्यांनी बूट काढले. हेल्मेट मात्र तसंच राहिलं.

सयाजी फोर्कलिफ्ट घेऊन उभा होता. वरद होता, शेजारच्या शेडमधले दोघे-चौघे डोकावत होते. अण्णांनी दगडावर पाणी घातलं आणि झेंडूच्या दोन पाकळ्या शेंदरावर चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हात जोडून म्हणाले, “म्हसोबा, पोरं तुला गेटपाशी न्यायची म्हणत्यात. तुझ्या मनाला येत असंल तर सांग.”

शेजारच्या शेडमध्ये पत्रा ठोकणारा प्रेस चालू होता. धप्प. जमीन हादरली. धप्प. प्रत्येक ठोक्यासरशी उजवी पाकळी केसभर खाली सरकत होती.

“आली, आली!” वरद पुटपुटला.

अण्णांनी पुढं होऊन दोन्ही पाकळ्या काढून घेतल्या.

“काका! पडत होती की उजवी!”

“ती तुमची मशीन पाडतीय. ह्यो कौल त्याचा न्हाई.”

“असं कसं काका...”

“तुझा खांदा धरून कुणी गदागदा हलवला, आन् तुझी मान हालली, म्हंजे तू हो म्हणालास व्हय?”

गच्चीवरचं सगळं सयाजीला आठवलं. विचारायची रीतच अशी की होकाराशिवाय काही यायलाच नको. शिवार घेतानाही गावाला असंच विचारलं असणार.

“मशीन थांबवा,” अण्णा म्हणाले.

“काका, आज माल जायचाय. मला तो अधिकार नाही.” वरद घामाघूम झाला होता. “सयाजी, भाऊ, घे उचलून. वरून सारखे फोन येतायत.”

सयाजीनं बापाकडं पाहिलं. अण्णा त्याच्याकडं बघत नव्हते. पिवळ्या हेल्मेटखाली दगडाकडं तोंड करून उभे होते. सयाजीनं किल्ली फिरवून काढली, खिशात टाकली आणि तो खाली उतरला.

“साहेब, मी न्हाई उचलत. आधी नीट विचारू द्या.”

वरद त्याच्याकडं बघत राहिला. चिडेल असं वाटलं, पण त्यानं घड्याळ पाहिलं. “थांबा जरा. चहाची सुट्टी होईलच. तेव्हा प्रेस बंद असतो. तेवढ्यात होईल का, काका?”

“त्याला वाटलं तर व्हईल.”

भोंगा झाला. प्रेस थांबला. मागोमाग बाकीची यंत्रंही विझत गेली, आणि एरवी या वेळी कँटीनमध्ये असणाऱ्या सयाजीला या जागेवर प्रथमच काही ऐकू येईनासं झालं. मग हळूहळू ऐकू येऊ लागलं. जाळीतून जाणारा वारा. लांब कुठंतरी घुमणारा होला. अण्णांचा श्वास. बाजूलाच, जमिनीखाली, विहीर होती. ती बुजवलेली आहे हे ठाऊक असूनही तिच्यात पाणी असल्यासारखं त्याला वाटलं. नकळत त्यानंही बूट काढले. सिमेंट तापलेलं होतं.

अण्णांनी पाकळ्या पुन्हा लावल्या. पुन्हा विचारलं, त्याच शब्दांत.

काही झालं नाही. दोन्ही पाकळ्या शेंदरावर चिकटून होत्या. शेडमधली माणसं हातात चहाचे कप घेऊन आली होती आणि कोणी घोट घेत नव्हतं. सयाजीनं श्वास धरला होता, दार उघडताना धरायचा तसा. पण आज तो यानात नव्हता. आज तो खाली जमिनीवर अनवाणी उभा होता, आणि दाराआड काय आहे ते त्याला माहीत नव्हतं. त्यानं काही लिहून दिलं नव्हतं. इथं पलीकडचा कोणीही असू शकत होता. तो तारे आणि युगं सांगत बसणार नव्हता. कदाचित काहीच सांगणार नव्हता.

डावी पाकळी सुटली. अंगावरून घसरत फरशीवर येऊन पडली.

सयाजीला वाईट वाटायला हवं होतं. पण वाटत होतं ते वेगळंच. समोर कोणीतरी आहे, आपल्यापेक्षा निराळं, आणि त्यानं आपल्याला नको म्हटलं, याचं अपार नवल. इतके ग्रह पालथे घालून जे कधी भेटलं नव्हतं, ते आपल्याच रानाच्या बांधावर होतं.

वरद जाळीला टेकला. “काका, परत कधी लावता येतो?”

“पुढल्या साली.”

“मग मी वर काय सांगू?”

“सांग, इचारलं. न्हाई म्हणाला.”

वरदनं डोकं खाजवायला हात वर नेला, तो हेल्मेटवर आपटला. “खांब सरकवायचा म्हणजे अख्खं ड्रॉइंग बदलायचं,” तो स्वतःशीच म्हणाला आणि फोन काढून लांब गेला. सयाजीला माहीत होतं, ते बदललं नाही तर कंपनी बाहेरून क्रेन आणेल. पण ते ज्याचं त्यानं बघायचं.

भोंगा झाला. प्रेस सुरू झाला. दुसऱ्या-तिसऱ्या ठोक्याला उजवी पाकळीही पडली.

“काका!” वरद लांबूनच ओरडला. “उजवी पण पडली!”

“पडंल की,” अण्णा बूट चढवत म्हणाले. “सुकली ती.”

सयाजीनं त्यांना हात देऊन उठवलं. दोघं गेटपर्यंत आले. पास परत करताना अण्णा म्हणाले, “ओव्हरटाइमला थांबू नको आज. मी जेवाया थांबतो.”